दादाच्या पेशींची झोप

दादाच्या लिव्हरमध्ये एक विषाणू राहायला होता आणि तो दादाच्याच वयाचा होता. दोघं एकाच दिवशी जगात आले. दादा आईच्या पोटातून, विषाणू आईच्या रक्तातून. नाव मात्र फक्त दादाचं ठेवलं गेलं.

आपल्या रक्तात असं काही आहे याचा आईला तेव्हा पत्ताच नव्हता. ती ठणठणीत होती. घरात हे कळलं ते फार उशिरा, दादाने हौसेने रक्तदान करायला हात पुढे केला तेव्हा. त्यांनी रक्त घेतलं, तपासलं आणि अत्यंत नम्रपणे त्याला पुन्हा कधी येऊ नका म्हणून सांगितलं. धाकटी जन्मली तोवर मात्र प्रत्येक बाळाला सरसकट लस टोचायची पद्धत सुरू झाली होती. तिच्या मांडीत सुई गेली आणि विषाणूच्या तोंडावर दार बंद झालं. दादा म्हणायचा, मोठ्याला वारसा मिळाला, धाकटीला लस. हे तो हसत हसत म्हणायचा आणि आई दर वेळी उठून आत जाऊन भांडी घासायला लागायची. भांडी घासून झालेली असली तरी.

पुढे धाकटी रक्तातल्या पेशी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली, आणि हा योगायोग होता असं कुणीच म्हणालं नाही. लॅब हॉस्पिटलच्या तळघरात होती. रक्ताच्या नळ्या यंत्रात घालून गरागरा फिरवायच्या, की तांबडं खाली बसतं आणि मधोमध पांढुरक्या ढगासारखा एक थर तरंगतो. तो थर अलगद उचलायचा. त्यात लढणाऱ्या पेशी असतात. पेशींशी बोलू नये असा लॅबचा नियम नव्हता, त्यामुळे धाकटी बोलायची.

घरी तिने हे सगळं जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं होतं. दादाच्या रक्तातही लढणाऱ्या पेशी आहेत, भरपूर आहेत. पण इतकी वर्षं त्याच त्या विषाणूशी झटून त्या थकल्यात. मेल्या नाहीत, थकल्यात. विषाणू समोरून गेला तरी बघतात आणि गप्प बसतात.

"म्हणजे आमच्या युनियनसारख्या," दादा म्हणाला. "हजेरी लावतात, काम करत नाहीत."

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्याचा बराच भाग त्याने दोन मजल्यांच्या मध्ये काढला होता आणि तिथे फार शांत वाटतं असं त्याचं म्हणणं होतं.

तर अशा थकलेल्या पेशींना पुन्हा उभं करायचं एक औषध आलं होतं, आणि धाकटीच्याच हॉस्पिटलमध्ये त्याची चाचणी सुरू होणार होती. पेशी थकतात तेव्हा त्यांच्या अंगावर एक प्रकारचे ब्रेक लागतात. औषध ते ब्रेक काढतं. ब्रेक काढण्याबद्दल ऐकल्यावर दादाने चमचा खाली ठेवला. त्याच्या धंद्यात ब्रेक काढण्याआधी माणसं बाहेर काढायची पद्धत होती, आणि इथे माणूस तर आतच होता. धाकटीने त्याला खरं ते सांगितलं. विषाणू रक्तात मोकळा भटकत नाही, तो लिव्हरच्या पेशींच्या आत घर करून असतो. त्याला मारायचं तर घरासकट मारावं लागतं. म्हणून औषध थोडं थोडं द्यायचं, पेशी हळूहळू जाग्या करायच्या. एकदम जाग्या झाल्या तर लिव्हरच फस्त करतील.

"किती घरं आहेत?" दादाने विचारलं.

"मोजली नाहीत कुणी."

दादाने सही केली. डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं होतं की हे असंच चालू राहिलं तर लिव्हर दगडासारखं होत जाणार. दगड होण्यापेक्षा काहीतरी होऊ दे, असं तो म्हणाला.

नातेवाइकाच्या नमुन्याला हात लावायचा नाही, असा लॅबचा कडक नियम होता. त्यामुळे दादाचं रक्त उंटाकडे गेलं. उंट हा धाकटीच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. तळघराचं छत त्याच्या डोक्याला लागायचं म्हणून त्याला सगळे उंट म्हणत, आणि तो स्वतःही फोन उचलला की उंट बोलतोय असंच म्हणायचा. पेशींना विषाणूचा एक तुकडा दाखवायचा आणि त्या काय करतात ते बघायचं, हे त्याचं काम. जाग्या असल्या तर खवळतात. झोपलेल्या असल्या तर ढिम्म. दादाला पुढचा डोस किती द्यायचा हे उंटाच्या त्या एका रिपोर्टवर ठरणार होतं.

पहिला डोस झाला आणि दादाला सडकून ताप भरला. हॉस्पिटलला यायला त्याला दोन बस बदलाव्या लागायच्या. धाकटीने वरिष्ठांच्या हातापाया पडून सोय करून घेतली: संध्याकाळी नर्स घरी जाऊन रक्त घेणार, नळ्या जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवणार आणि सकाळी लॅबचा माणूस खोकं घेऊन येणार. धाकटीला या सोयीचा अभिमान वाटला. नर्सने दादाला सांगितलं की खोकं टेबलावर आहे तसं राहू द्या. दादाने तापात मान हलवली आणि तो झोपला.

उंटाने रिपोर्ट दिला. पेशी ढिम्म. विषाणूच्या तुकड्याला तर नाहीच, पण कुठल्याही पेशीने दचकून उठावं असं जे औषध असतं, त्यालाही त्यांनी भीक घातली नाही. इतक्या थकलेल्या पेशी उंटाने उभ्या आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. तो थोडा खूशच झाला. डॉक्टरही आले, त्यांनीही पाहिलं, आणि असा रुग्ण विरळा असतो म्हणाले. धाकटीला आपला भाऊ विरळा आहे हे ऐकून बरं वाटलं. त्या दिवशी तळघरात एकूणच समाधानाचं वातावरण होतं.

दुसरा डोस मोठा दिला.

त्यानंतर दादाला खाज सुटली. आधी तळहातांना, मग सर्वांगाला. डोळ्यांतला पांढरा भाग जुन्या स्विचबोर्डासारखा पिवळट दिसायला लागला. रक्ताची साधी तपासणी केली तर लिव्हरचे आकडे चढलेले. डॉक्टर विचारात पडले. याचे दोन अर्थ होत होते. एक, पेशी जाग्या झाल्यात आणि लिव्हरवर तुटून पडल्यात. तसं असेल तर औषध ताबडतोब बंद. दुसरा, पेशी अजून झोपलेल्याच आहेत आणि विषाणूच उसळलाय. तसं असेल तर औषध आणखी, आणि लवकर. विषाणूची मोजणी दुसऱ्या शहरातल्या लॅबमधून यायची आणि ती लॅब निवांत माणसांची होती. म्हणजे पुन्हा उंट. नर्स पुन्हा घरी गेली, रक्त आलं, उंटाने तपासलं. पेशी ढिम्म.

तिसरा डोस दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा ठरलं. सर्वांत मोठा.

त्या दुपारी धाकटी दादाला बघायला गेली. दादा खिडकीपाशी बसून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पाठ खाजवत होता. इतक्या वर्षांत हे हत्यार पहिल्यांदाच योग्य कामाला लागलं, असं त्याने तिला सांगितलं. चेहरा ओढलेला होता. बोलता बोलता मध्येच थांबून तो भिंतीकडे बघत राहायचा, मग पुन्हा बोलायचा, पण दुसऱ्याच विषयावर. वहिनी स्वयंपाकघरात होती. तिची त्या दिवशी सुट्टी होती.

वहिनी शीतगृहात कामाला होती. गारठलेल्या खोल्यांमधून फिरायचं आणि पेट्यांमध्ये हात घालून माल पुरेसा थंड आहे का बघायचं. थर्मामीटर होतं, पण तिचा विश्वास हातावर. तिच्या मते जगातली यच्चयावत नासाडी एकाच कारणाने होते: वस्तू बाहेर राहते. दूध, मासे, फुलं, औषधं, आणि तिच्या एका मावसभावाचं लग्नसुद्धा, कारण तो फार बाहेर राहायचा.

वहिनीने चहा टाकला आणि धाकटीला फ्रिजमधून दूध काढायला सांगितलं. धाकटीने फ्रिज उघडला. दारातला अंड्यांचा खण रिकामा होता आणि अंडी खाली एका वाडग्यात ठेवलेली होती. तिने सहज विचारलं, अंडी वाडग्यात का?

"अगं, खण नळ्यांना लागतो ना," वहिनी म्हणाली. "बरोब्बर बसतात. जशा काही त्यासाठीच केल्यात."

"कसल्या नळ्या?"

"यांच्या रक्ताच्या. ती नर्सबाई खुशाल टेबलावर ठेवून जाते, एवढ्या उकाड्यात. मी कामावरून आले की आत ठेवते. सकाळी पुसून पुन्हा खोक्यात. तुमच्या माणसाला कळतसुद्धा नाही."

हे सांगताना वहिनीचा चेहरा उजळला होता. आतापर्यंत ती हे कुणाला बोलली नव्हती, कारण त्यात बोलण्यासारखं काय होतं? दूध फ्रिजमध्ये ठेवलं हे कुणी कुणाला सांगत बसतं का?

रक्त थंड झालं की त्यातल्या पेशी गारठतात. मग त्यांना विषाणू दाखवा नाहीतर आगीचा बंब आणा, त्या हलत नाहीत. ही गोष्ट लॅबमध्ये फरशी पुसणाऱ्या बाईंनाही माहीत होती. इतकी सगळ्यांना माहीत होती की ती कुणी कुणाला सांगत नसे. नर्सने सांगितली नाही. आणि ज्या धाकटीने जेवणाच्या टेबलावर बसून पेशींचं अख्खं चरित्र सांगितलं होतं, तिनेही ती सांगितली नव्हती.

ती फ्रिजच्या उघड्या दारासमोर उभी राहिली.

"दार लाव गं," वहिनी म्हणाली. "थंडी जाते."

धाकटीने दार लावलं. चहा न घेताच निघाली. काय झालं म्हणून वहिनीने विचारलं, तर लॅबमध्ये काहीतरी विसरलंय म्हणाली. बसमध्ये तिने सगळा हिशेब पुन्हा मांडला, आणि तो प्रत्येक स्टॉपला तोच येत होता. रिपोर्ट खोटे. म्हणजे पेशी कदाचित पहिल्याच डोसला जाग्या झालेल्या. म्हणजे दुसरा डोस जाग्या पेशींना दिला. म्हणजे उद्याचा डोस दादाला मारणार. शेजारच्या बाईने तिला तब्येत बरी नाही का म्हणून विचारलं आणि खिडकीची जागा दिली.

डॉक्टर खोलीतच होते. धाकटीने एका दमात सांगितलं की उद्याचा डोस थांबवा, दादाचे नमुने रात्रभर घरच्या फ्रिजमध्ये होते, दोन्ही वेळा. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"कुणी ठेवले?"

येताना बसमध्ये धाकटीने याचं उत्तर ठरवलेलं नव्हतं. वहिनीला आता किती दिवस दादाच्या उशाशी बसावं लागणार, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं एवढंच.

"मी," ती म्हणाली.

हा शब्द फार छोटा आहे. अडवायला वेळ मिळत नाही.

तिला वाटलं होतं की डॉक्टर म्हणतील, काहीतरीच काय, तुम्ही कशा ठेवाल, तुम्हाला कळत नाही का? डॉक्टर तसं काही म्हणाले नाहीत. त्यांचा लगेच विश्वास बसला. तिला इतकी वर्षं ओळखत असून त्यांचा लगेच विश्वास बसला, ही गोष्ट तिला पुढे बरेच दिवस नोकरीपेक्षाही जास्त लागली.

दादाला तासाभरात उचलून आणलं. ताजं रक्त काढून तसंच उंटाकडे धाडलं. रिपोर्ट घेऊन उंट स्वतः जिना चढून वर आला आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटून उभा राहिला. पेशी नुसत्या पेटल्या होत्या, तो म्हणाला. असं त्याने कधीच पाहिलं नव्हतं. या वेळी तो खूश झाला नाही.

मग उलटा कारभार सुरू झाला. ज्या पेशींना उठवायला जगभरातल्या हुशार माणसांनी आपलं तारुण्य घातलं होतं, त्यांना परत झोपवायची औषधं सलाईनमधून सुरू झाली. पेशी काही लगेच झोपायला तयार नव्हत्या. इतक्या वर्षांनी त्यांना काम मिळालं होतं. लिव्हर काम सोडत चाललं तसं रक्तातलं विष दादाच्या डोक्यात चढलं. वॉर्ड दोन मजल्यांच्या मध्ये अडकलाय, असं तो नर्सला समजावून सांगायला लागला. दार हाताने उघडू नका, खाली पडाल, मी बघतो. त्याने पलंगाची कड धरून ठेवली होती आणि ती सोडवायला दोघंजण लागले. मग तो बोलायचा थांबला. ते जास्त वाईट होतं.

याच सुमारास दुसऱ्या शहरातून विषाणूची मोजणी आली. विषाणू जवळजवळ संपला होता. जन्मापासून पहिल्यांदाच दादा आपल्या अंगात जवळपास एकटा होता. डॉक्टरांनी तो कागद वाचला, घडी घातली, उलगडून पुन्हा वाचला. अशा वेळी चेहरा कसा करायचा असतो हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

अखेर पेशी झोपल्या. दादा मेला नाही. डोळे उघडले, तेव्हा उशाशी धाकटी होती. त्याने लिव्हर किती राहिलंय म्हणून विचारलं. निम्म्याहून कमी, धाकटी म्हणाली.

"आणि पेशी?"

"झोपवल्या."

"आणि तो?"

विषाणूने पुन्हा डोकं वर काढलं होतं. आता हे औषध दादाला परत कधीच देता येणार नव्हतं, आणि दुसरं नव्हतं. उरलेलं लिव्हर जाईल तितकं जाणार होतं. डॉक्टर म्हणाले होते, काही वर्षं. किती म्हणून विचारल्यावर पुन्हा म्हणाले होते, काही.

"आहे," ती म्हणाली.

"असणारच," दादा म्हणाला. "तो कुठे जातोय." आणि त्याने डोळे मिटले.

रिपोर्ट चुकले कसे, हे घरच्यांना सांगणं भाग होतं. डॉक्टर नातेवाइकांना इतकं कमी सांगतात की त्या बाजूने धाकटीला धोका नव्हता. नमुने नीट हाताळले गेले नाहीत, चूक मान्य केली गेली आहे, एवढंच ते वहिनीला म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले. वहिनीने धाकटीकडे पाहिलं. फ्रिजचा फ जरी तोंडातून निघाला असता तरी वहिनी सगळं समजून चुकली असती. धाकटीने सांगितलं की नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या, दुसऱ्याच कुणाचं रक्त दादाचं म्हणून तपासलं गेलं, आणि चिठ्ठ्या तिनेच लावल्या होत्या.

वहिनी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आम्ही घरी यांच्या रक्ताचा थेंब न् थेंब जपला," ती हळूच म्हणाली. "आणि तू नुसत्या चिठ्ठ्या नाही लावू शकलीस."

"हो," धाकटी म्हणाली.

त्यानंतर वहिनी तिच्याशी बोलली नाही. धाकटी वॉर्डमध्ये आली की वहिनी उठून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जायची, आणि तिने आणलेलं सूप दादाला न पाजता टेबलावर ठेवायची, गार होईपर्यंत. लॅबने धाकटीला पेशींच्या कामावरून काढलं आणि उंदरांचे पिंजरे धुवायला लावलं. उंदरांशी बोलायला हरकत नव्हती, पण तिला काही सुचेना. उंट जाता येता पिंजऱ्यांच्या खोलीत डोकावायचा, चौकटीला डोकं आपटून घ्यायचा आणि पुढे जायचा.

आई रोज हॉस्पिटलमध्ये यायची, पण वॉर्डच्या आत फारशी थांबायची नाही. बाहेर व्हरांड्यात लोखंडी बाक होता, त्यावर पर्स मांडीवर घेऊन बसायची. चिठ्ठ्यांची गोष्ट तिच्या कानावर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटीला वहिनीने वॉर्डच्या दारातूनच नजरेने परत फिरवलं, तेव्हा आई बाकावर सरकली आणि तिच्यासाठी जागा केली. धाकटी बसली. आई आता काय बोलणार याची तिने तयारी केली होती.

आईचा चेहरा बदललेला होता. काय बदललंय हे धाकटीला पटकन कळेना. मग कळलं: तो हलका झाला होता. पोरगा आत पिवळा होऊन पडलेला असताना आईचा चेहरा मुलांच्या लहानपणीच्या फोटोंमध्ये असायचा तसा दिसत होता. आता घरात ती एकटी नव्हती.

"मी तुला काही बोलणार नाही," आई म्हणाली. "तू काय मुद्दाम केलंस? मी तरी काय मुद्दाम दिलं त्याला?"

या विषयावर आई जन्मात पहिल्यांदाच बोलत होती. धाकटीने तोंड उघडलं. खरं सांगितलं तर वहिनी कोलमडून जाणार होती, आणि आता वहिनीबरोबर हा चेहराही जाणार होता. तिने तोंड मिटलं.

आई मग बराच वेळ बोलत राहिली, अगदी हलक्या आवाजात, एखादं विणकाम शिकवावं तशी. सकाळची वेळ वाईट असते, उठल्या उठल्या हाताला काम लावायचं. तो हसून काही बोलला तर तिथून उठायचं, पण लगेच उठायचं नाही, थोडं थांबून उठायचं, नाहीतर त्याला कळतं. त्याच्यासमोर आपल्या दुखण्याखुपण्याचं बोलायचं नाही. कुणी माफ केलं तर हो म्हणायचं, वाद घालायचा नाही. धाकटी ऐकत होती. सगळं उपयोगाचं होतं.

"झोप लागते का तुला?" आईने विचारलं.

"नाही."

"लागेल," आई म्हणाली आणि पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात दिला. "मला आता लागायला लागली आहे."